चूल कुणाची, डबा कुणाचा?

वॉशिंग मशीनपासून सिमेंटच्या भट्टीपर्यंत सगळीकडे एक इवलीशी चिप बसलेली असते. त्या चिपला समजेल असा प्रोग्रॅम तयार करणारी हत्यारं कोण सांभाळतं? ग्लॅमर नाही, बहुतेकदा पगारही नाही. पण यांनी हात आखडता घेतला, तर जगाचा खोळंबा होऊ शकतो. पडद्यामागच्या 'बिल्ड'वाल्यांची ही ओळख.

आज सकाळपासून तुम्ही किती कॉम्प्युटर वापरलेत? ऑफिसचा लॅपटॉप एक, मोबाईल दुसरा. बस्स? मायक्रोवेव्ह राहिला, बॉस! बिल्डिंगची लिफ्ट राहिली, वायफायचा राऊटर राहिला, बाईकचं फ्युएल इंजेक्शन राहिलं आणि ऑफिसच्या दारावरचं अंगठा घेणारं मशीनही राहिलं. या प्रत्येकात एक छोटा कॉम्प्युटर आहे. त्याला स्क्रीन नाही की कीबोर्ड नाही. तो गुपचूप एकच काम करत बसलेला असतो.

आता गंमत बघा. या चिपवर चालणारा प्रोग्रॅम त्या चिपवर बसून लिहिता येत नाही. तेवढी जागाच नसते. १९९८ साली लेगो कंपनीने माइंडस्टॉर्म्स नावाचं रोबो बनवायचं खेळणं आणलं. त्याच्या पिवळ्या विटेत हिताची कंपनीची एच८ ही चिप होती आणि मेमरी होती फक्त ३२ किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सअॅपवरचा 'गुड मॉर्निंग'चा फोटोही त्यात मावणार नाही. मग प्रोग्रॅम तयार करणारा कंपायलर तिथे कसा मावणार?

म्हणून प्रोग्रॅम तयार होतो आपल्या धडधाकट पीसीवर आणि चालतो त्या चिमुकल्या चिपवर. हे करणाऱ्या कंपायलरला म्हणतात क्रॉस कंपायलर. तो, त्याच्या सोबतीचा असेम्बलर, लिंकर आणि लायब्ररी असा सगळा लवाजमा म्हणजे टूलचेन.

स्वयंपाक इथे, जेवण तिथे

मी मास कॉम केलेली मुलगी. 'कंपायलर' हा शब्द मला इंजिनियर मित्रांच्या कट्ट्यावर ऐकून माहीत, एवढंच. समजून घ्यायला लागले तेव्हा मला सगळ्यात जवळचं उदाहरण सापडलं ते डब्याचं. स्वयंपाक एका घरात होतो, डबा उघडतो दुसऱ्याच ठिकाणी. स्वयंपाक करणारीला माहीत हवं, की खाणाऱ्याकडे गरम करायची सोय आहे का, त्याला तिखट चालतं का, डबा किती तास प्रवास करणार आहे. क्रॉस कंपायलरचं अगदी तसंच. बसलाय इंटेलच्या पीसीवर, पण डोक्यात सतत आर्म, एव्हीआर किंवा एच८ची चव.

या धंद्यात तीन शब्द कायम कानावर पडतात : बिल्ड, होस्ट आणि टार्गेट. चूल कुठे घडवली, ते बिल्ड. चूल कुठे पेटवली, ते होस्ट. डबा कुठे उघडला, ते टार्गेट. तिन्ही जागा वेगवेगळ्या असतील तर त्याला 'कॅनेडियन क्रॉस' असं भन्नाट नाव आहे. हा शब्द रूढ झाला तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, म्हणून हे नाव! टेकी मंडळींना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

या कुटुंबातला कर्ता पुरुष म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती लोकांना फुकट दिली. तेव्हा तो फक्त सी भाषेचा कंपायलर होता. आज तो अनेक भाषा आणि डझनावारी प्रोसेसर सांभाळतो. इंजिनियरिंगच्या सबमिशनसाठी रात्र जागवून आर्डुइनोचा दिवा लुकलुकवला असेल, तर तुम्हीही त्याचं मीठ खाल्लंय. आर्डुइनो उनोच्या त्या 'अपलोड' बटणामागे एव्हीआरसाठीचा जीसीसीच असतो.

'चवीपुरतं मीठ' इथे चालत नाही

कंपायलर लिहिणारे वेगळे आणि तो तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नीट बसवून देणारे वेगळे. हा लेख दुसऱ्या गटाबद्दल आहे. तुम्ही लिनक्सवर किंवा फ्रीबीएसडीवर एक कमांड देता आणि क्रॉस कंपायलर आपोआप येऊन बसतो. 'आपोआप' म्हणजे काय, तर कुणीतरी आधी मरमर केलेली असते.

ही मरमर राहते छोट्या छोट्या फाईलींमध्ये. फ्रीबीएसडीत तिला मेकफाईल म्हणतात, फेडोरात स्पेक फाईल, तर डेबियनमध्ये 'रूल्स' नावाची फाईल. मूळ सोर्स कोड कुठून आणायचा, कुठली दुरुस्ती त्यावर चढवायची, कुठले पर्याय चालू करायचे, आधी काय बांधायचं आणि नंतर काय, सगळं त्यात लिहिलेलं असतं. फ्रीबीएसडीत जोडीला आणखी एक फाईल असते. तिच्यात डाऊनलोड होणाऱ्या गठ्ठ्याचा नेमका आकार आणि त्याचा डिजिटल ठसा. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं, तरी गाडी तिथेच थांबते.

आपल्या आया रेसिपी सांगताना 'अंदाजे पाणी, चवीपुरतं मीठ' म्हणतात आणि तरी पुरणपोळी झक्कास होते. मशीनला अंदाज नसतो. त्याला प्रत्येक चिमूट मोजून द्यावी लागते.

क्रॉस टूलचेनमध्ये तर आधी कोंबडी की आधी अंडं, हाच घोळ. पूर्ण कंपायलर बांधायला सी लायब्ररी लागते आणि सी लायब्ररी बांधायला कंपायलर लागतो. मग काय करायचं? आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेम्बलर आणि लिंकर. मग लायब्ररीशिवायचा अर्धामुर्धा जीसीसी. त्याच्याकडून लायब्ररी बांधून घ्यायची. आणि मग त्या लायब्ररीला सोबत घेऊन पुन्हा एकदा पूर्ण जीसीसी. हा क्रम चुकला, की पोळी करपली.

बरं, एकदा लिहिली फाईल आणि सुटलो, असंही नाही. जीसीसीची मोठी आवृत्ती दरवर्षी येते, साधारण आपल्या अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. बिनयुटिल्स वर्षातून दोनदा. लिनक्सची मुख्य सी लायब्ररी ग्लिबसी फेब्रुवारीत एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा. प्रत्येक सणाला घर झाडून काढावं, तशी प्रत्येक वेळी बिल्ड फाईल झाडावी लागते.

आणि जुनं सामान काय काय त्रास देतं म्हणून सांगू! जीसीसी १४ मे २०२४ मध्ये आला आणि त्याने सी भाषेतल्या काही जुन्या सवयींना थेट 'एरर' ठरवलं. फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं, तर पूर्वी नुसती ताकीद मिळायची, आता बांधकामच बंद. वर्षानुवर्षं सुखाने बांधली जाणारी कित्येक पॅकेजेस एका झटक्यात आडवी झाली. याआधी २०१३ मध्ये मॅन्युअलची पानं तयार करणाऱ्या टेक्सइन्फो या हत्याराची पाचवी आवृत्ती आली आणि जुन्या जीसीसीचं बांधकाम चक्क मॅन्युअलपाशी अडायला लागलं. कंपायलर ठणठणीत, पण माहितीपुस्तिका छापता येत नाही म्हणून दुकान बंद!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र दोन छोट्या स्क्रिप्टची आहे. 'आपण कुठल्या मशीनवर आहोत' हे ओळखणं एवढंच त्यांचं काम. हजारो सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांत त्यांच्या प्रती पडून असतात. आर्मचा ६४ बिट प्रोसेसर आला, पुढे रिस्क-व्ही आला, तेव्हा या जुन्या प्रती म्हणायच्या, 'अशा नावाचं मशीन आमच्या यादीत नाही.' गावात नवं घर झालं, पण रेशनच्या यादीत नाव नाही, तशी गत. ते नाव चढवण्यासाठी कुणीतरी एकेका पॅकेजचं दार ठोठावलं. डेबियन १३ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिच्यात रिस्क-व्ही पहिल्यांदाच अधिकृतपणे सामील झाला, तो अशा असंख्य फुटकळ दुरुस्त्यांच्या जोरावर.

पुण्याची शिदोरी

हे सगळं अमेरिकेत नाहीतर जर्मनीत चालतं, असं वाटलं ना? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण यातलं एक ठसठशीत प्रकरण हिंजवडीत घडलंय.

केपीआयटी आणि कमिन्स इन्फोटेक एकत्र येऊन २००२ मध्ये केपीआयटी कमिन्स ही पुण्याची कंपनी झाली. २०१३ पासून ती केपीआयटी टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखली जाते. या कंपनीने 'केपीआयटी जीएनयू टूल्स' नावाने रेनेसास या जपानी कंपनीच्या प्रोसेसरसाठी क्रॉस टूलचेन बांधून लोकांना मोफत दिल्या. रेनेसास म्हणजे हिताची आणि मित्सुबिशीच्या चिप व्यवसायातून २००३ मध्ये जन्मलेली कंपनी. त्या लेगोच्या विटेतली एच८ चिप आठवतेय? ती या घराण्यातलीच. सेगा ड्रीमकास्ट या गेमिंग कन्सोलमधली एसएच४ सुद्धा.

एच८साठी एक टूलचेन, एसएचसाठी दुसरी, पुढे आरएक्ससाठी आणखी एक. विंडोजवाल्यांसाठी इन्स्टॉलर, लिनक्सवाल्यांसाठी आरपीएम पॅकेज. आवृत्तीच्या नावात आधी वर्ष आणि मग त्या वर्षातला क्रमांक, सरळ हिशोब. वर टेक्निकल सपोर्टही फुकट. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणी वॉशिंग मशीनचा कंट्रोलर बनवत असेल आणि त्याचा कंपायलर अडला, तर मदत यायची पुण्याहून! पुढे ही जबाबदारी सायबरथॉर स्टुडिओज या कंपनीकडे गेली.

मुंबईत आयआयटीच्या आवारातही याच विषयाची शाळा भरली. प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर सुरू झालं. लाखो ओळींचा हा अजस्र प्रोग्रॅम नवख्या माणसाला कुठून वाचायला घ्यावा, हेच कळत नाही. तिथल्या वर्कशॉपमध्ये त्याची वाट दाखवली जायची. स्पिम नावाच्या शिकाऊ प्रोसेसरसाठी जीसीसी टप्प्याटप्प्याने तयार करायचा. आज एवढंच जमलं, उद्या त्यावर थोडं अधिक. घाबरायचं कारणच नाही.

ग्लिबसीचंही तसंच. २०१७ मधल्या तिच्या २.२५ आणि २.२६ या दोन्ही आवृत्त्यांचे रिलीज मॅनेजर होते सिद्धेश पोयरेकर. पुण्याच्या रेड हॅटमध्ये काम केलेला मराठी आडनावाचा माणूस जगभरातल्या लिनक्सची मूळ लायब्ररी 'आता सोडा बाहेर' म्हणून हिरवा झेंडा दाखवतोय. आहे ना भारी?

एका पोर्टची दहा वर्षं

पण प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड असतोच असं नाही. नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीची सीआर१६ नावाची एक चिप होती. तिच्यासाठीचा भाग, ज्याला या धंद्यात 'पोर्ट' म्हणतात, तो केपीआयटीनेच तयार केला आणि २०१२च्या सुमारास मुख्य जीसीसीला देऊन टाकला. जीसीसीच्या सोर्स कोडमध्ये पुण्याच्या नावाने एक अख्खं फोल्डर! कुठल्याही टेकीसाठी ही घराच्या दारावर पाटी लागण्यासारखी गोष्ट.

पुढे काय झालं? जीसीसी पुढे पुढे जात राहिला. त्याचं आतलं यंत्र बदललं की प्रत्येक पोर्टने आपापला भाग बदलून घ्यायचा असतो. त्यासाठी सांभाळणारा माणूस लागतो. २०२१ मध्ये जीसीसी ११ आला तेव्हा सीआर१६वर 'कालबाह्य' असा शिक्का बसला आणि नंतर ते फोल्डर काढून टाकलं गेलं.

यात कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. चिप मागे पडते, कंपनीची कामं बदलतात, माणसं नोकरी बदलतात, लग्न होतं, मूल होतं, आई-वडील आजारी पडतात. पण त्या चिपवर चालणारं एखादं यंत्र अजून कुठेतरी फिरत असेल, तर त्याच्यासाठी नवा डबा आता कोण भरणार?

माझं आजोळ कोरपना. चंद्रपूर जिल्ह्याचं टोक, पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. कापसाची शेतं आणि त्यांच्या मधोमध सिमेंटचे कारखाने : गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा. तिथल्या एका कारखान्यात माझा मामा इलेक्ट्रिशियन होता. मागच्या दिवाळीत त्याला मी हा विषय सांगत होते. कंपायलर बिंपायलर त्याने बाजूलाच ठेवलं. म्हणाला, "पोरी, भट्टी फिरत हाय तवर कोनी नाव घेत नाही. बंद पडली का मंग मॅनेजरपासून सारे विचारत येते, अंदरच्या इटा कोनं लावल्या होत्या?"

सिमेंटच्या भट्टीत आतला माल साधारण १४५० अंशांपर्यंत तापतो. बाहेरचा लोखंडी दंडगोल त्याला तोंड देऊ शकतो तो फक्त आतल्या विटांच्या अस्तरामुळे. शटडाऊन घेऊन ते अस्तर बदलावं लागतं. बिल्ड फाईल सांभाळणारे म्हणजे हे अस्तर लावणारे. मामाने दोन वाक्यांत माझा लेखच लिहून टाकला की!

अर्ध्या सेकंदाचा उशीर

अस्तराला तडा गेला की काय होतं, ते जगाने २०२४च्या मार्चमध्ये पाहिलं. एक्सझेड हे फाईली दाबून छोट्या करणारं हत्यार. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने आणि बिनपैशाने सांभाळत होता. २०२२ मध्ये काही लोक त्याला टोचायला लागले, 'अपडेट कधी? जमत नसेल तर दुसऱ्याला दे.' त्याने आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या. हे बिनपगारी छंदाचं काम आहे, याचीही आठवण करून दिली. अशा वेळी 'जिया टॅन' नावाने कुणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून त्याने विश्वास मिळवला आणि तो सहसांभाळकर्ता झाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० या आवृत्तीत त्याने चोरदरवाजा घुसवला. कुठून माहितेय? बिल्ड फाईलमधून! सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्स कोडच्या भांडारात ती ओळ नव्हतीच. ती होती फक्त डाऊनलोडसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यातल्या एका बिल्ड स्क्रिप्टमध्ये. ती आधी बघायची, की आपल्याला डेबियन किंवा आरपीएमचं पॅकेज म्हणून बांधलं जातंय का. तसं असेल तरच विष कालवायचं. म्हणजे निशाणा थेट पॅकेज बांधणाऱ्यांवरच होता.

हे पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनियरने. रिमोट लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्याशा गोष्टीवरून तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने जगाला सावध केलं. डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत विष पोहोचलं होतं, थोडक्यात निभावलं. जिया टॅन नेमका कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

टूलचेनच्या बाबतीत तर हा धोका कैक पटींनी मोठा. युनिक्सचे जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणाच्या निमित्ताने सांगून ठेवलंय : कंपायलरमध्येच खोट असेल, तर तुम्ही सोर्स कोड कितीही तपासा, तयार होणारा प्रोग्रॅम खोटाच निघणार. चुलीतच विष असेल, तर भाजी निवडून काय उपयोग?

अनाथ आणि दत्तक

पॅकेजच्या जगात सांभाळणारा निघून गेला की त्या पॅकेजला 'ऑर्फन' म्हणतात. अनाथ. फेडोरात सहा आठवडे कुणी पुढे आलं नाही, तर ते निवृत्त होतं. फ्रीबीएसडीत त्या फाईलवरचं नाव पुसलं जातं आणि तिथे सगळ्यांचा सामायिक पत्ता येतो. आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हे सोसायटीच्या मीटिंगला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणी जबाबदारी घेतली, तर त्याला म्हणतात 'अॅडॉप्ट', दत्तक घेणं. शब्द किती नेमके आहेत बघा.

आपल्याकडे आयटी म्हटलं की पॅकेज म्हणजे पगाराचं! इंटरव्ह्यूला कुणी 'तू कुठली बिल्ड फाईल सांभाळतोस' असं विचारत नाही. प्रमोशनच्या फॉर्मवर तसा रकानाही नसतो. पण तुमच्या कंपनीचं प्रॉडक्ट ज्या टूलचेनवर उभं आहे, ती कुणीतरी जेवणं उरकून, मुलांना झोपवून रात्री साडेअकराला दुरुस्त केलेली असू शकते. कंपनी त्यातून कोट्यवधी कमावते आणि त्याला मिळतो एक तक्रारीचा मेल, 'इट डझन्ट वर्क.' बस, एवढंच.

निदान 'थँक यू'चा मेल तर आपण टाकू शकतो ना?

चौकट : तुम्हालाही हात लावायचाय?

* कोडिंगमध्ये तुम्ही किंग असायलाच हवं असं नाही. चिकाटी आणि एरर मेसेज शेवटपर्यंत वाचायची सवय, ही खरी पात्रता.
* आधी तयार टूलचेन आपल्या पीसीवर स्वतः बांधून बघा. आर्डुइनोसाठीचा एव्हीआर जीसीसी सुरुवातीला उत्तम, कारण बोर्ड स्वस्त आणि चूक लगेच दिसते.
* रोज वापरता त्या पॅकेजचा सांभाळकर्ता कोण, ते शोधा. अनाथ असेल, तर थेट दत्तक घेण्याआधी एखादी छोटी दुरुस्ती पाठवा.
* फ्रीबीएसडीत सांभाळणाऱ्याला उत्तरासाठी दोन आठवडे दिले जातात. तो धीर आपणही ठेवायचा. समोरच्यालाही ऑफिस आहे, घर आहे.
* टीम लीड असाल, तर टीमला आठवड्यातले दोन तास अशा कामासाठी द्या. ज्या विहिरीचं पाणी पितो, तिचा गाळ कधीतरी आपणही काढायला हवा.
* आणि सांभाळणारा थकलाय असं दिसलं, तर 'अपडेट कधी?' हा प्रश्न विचारू नका. 'मी काय करू?' हे विचारा.